भुयारी गाडीचा वकील



दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा आधी हसूच आलं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टन्सी करतो. माझं मराठी लेखन म्हणजे वाणसामानाची यादी आणि मंडळाच्या गणपतीत कोण किती मोदक आणणार त्याचा हिशेब. पण एक विषय गेलं वर्षभर डोक्यात घोळत होता. म्हटलं, चला, या निमित्ताने कागदावर उतरवू.

विषय डोक्यात आला तो बाबांमुळे. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे हॅरोला आले होते. माझ्या क्लायंटचं ऑफिस फॅरिंग्डनला. एक दिवस बाबा म्हणाले, मला तुझ्याबरोबर तुझ्या रोजच्या गाडीने यायचंय. बकिंगहॅम पॅलेस वगैरे राहू दे. बाबांनी चौतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी लोकलने प्रवास केला. आठ-बाराची फास्ट, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप. त्यामुळे गाडी हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी बेकर स्ट्रीटच्या अलीकडे भुयारात शिरली तशी त्यांनी विचारलं, की शहराच्या पोटातून गाडी न्यायचं हे खूळ पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? मी ठोकून दिलं, असेल कुणीतरी इंजिनिअर. आम्हा इंजिनिअर लोकांना वाटतं, जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी आम्हीच केल्या!

घरी येऊन वाचायला बसलो आणि तोंडावर आपटलो. तो माणूस इंजिनिअर नव्हताच. तो होता वकील, इथल्या भाषेत सॉलिसिटर. नाव चार्ल्स पिअर्सन. मग लायब्ररीतून पुस्तकं आणली, शनिवार-रविवार त्यात गेले, बायकोची बोलणी खाल्ली. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पिअर्सन यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७९३ चा, लंडनच्या सिटीतला. सिटी म्हणजे सगळं लंडन नव्हे, तर मधला एक चौरस मैलाचा जुना भाग, जिथे आज बँका आहेत आणि आपल्यातले निम्मे आयटीवाले भेटतात. वडील गाद्या-गिरद्यांचे आणि पिसांचे व्यापारी. मुलाने हाच धंदा पुढे चालवावा म्हणून त्यांनी त्याला आपल्याच हाताखाली घेतलं. पण मुलाचा ओढा कायद्याकडे. १८१६ साली तो सॉलिसिटर झाला आणि पुढच्याच वर्षी मेरी मार्था डटन यांच्याशी त्याचं लग्न झालं. या बाई उत्तम चित्रकार होत्या, व्यक्तिचित्रं काढायच्या. दोघांना एकच मुलगी.

त्याच सुमारास पिअर्सन सिटीच्या कौन्सिलवर निवडून आले. आपल्याकडे नगरसेवक म्हणतो, तसं. आणि तिथे त्यांनी एकेक भांडण उकरून काढायला सुरुवात केली. १६६६ सालच्या लंडनच्या मोठ्या आगीची आठवण म्हणून जो उंच स्तंभ उभा आहे, त्यावर ती आग कॅथलिक लोकांनी लावली अशा अर्थाचा मजकूर कोरलेला होता. पिअर्सन यांनी हट्टाने पाठपुरावा केला आणि १८३० च्या सुमारास तो खोडला गेला. ज्यू लोकांना सिटीत दलालीचा व्यवसाय करण्यावर बंधनं होती, ती उठवण्यासाठी ते भांडले. गॅस कंपन्यांची मक्तेदारी, आपल्याला हवे तसे ज्युरी निवडायची सरकारी खोड, तुरुंगांची दैना, सगळ्यांना मताचा हक्क, असा एकही विषय त्यांनी सोडला नाही. १८३९ साली ते सिटीचे सॉलिसिटर झाले, म्हणजे महापालिकेचे मुख्य कायदा अधिकारी. ही जागा मरेपर्यंत त्यांच्याकडे होती. मधली तीन वर्षं, १८४७ ते १८५०, ते लँबेथचे खासदारही होते. गृहस्थ आपल्या भागात असता तर सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरीला घाम फुटला असता!

आता त्या वेळचं लंडन कसं होतं ते बघू. १८०१ साली लोकसंख्या साधारण १० लाख. १८५१ साली २४ लाखांच्या आसपास. पन्नास वर्षांत दुपटीहून जास्त. कामधंदा सगळा मधल्या भागात. १८२९ साली जॉर्ज शिलिबीअर यांनी पॅडिंग्टन ते बँक अशी घोड्यांची ऑम्निबस सुरू केली, पण पूर्ण अंतराचं भाडं एक शिलिंग. मजुराला ते रोज परवडणं शक्यच नव्हतं. मग मजूर करणार काय? पायी जाता येईल इतक्या अंतरावर राहणार. सिटीच्या कडेला, फ्लीट नावाच्या नदीच्या (खरं तर एव्हाना तिचं गटार झालं होतं) खोऱ्यात, एकेका खोलीत एकेक कुटुंब, कधी दोन. कॉलऱ्याच्या साथी येत होत्या. चाळीतली खोली आठवा, पण त्यातून नळ, उजेड आणि शेजारधर्मासाठी लागणारी हवा काढून टाका.

त्यात रेल्वे आली. पॅडिंग्टन, यूस्टन, किंग्ज क्रॉस अशी मोठी स्टेशनं झाली, पण सगळी शहराच्या वेशीवर. १८४६ च्या रॉयल कमिशनने तर रेल्वेला मधल्या भागात यायला मनाईच केली. म्हणजे बाहेरगावची गर्दी वेशीवर उतरणार आणि तिथून टांगे, बसगाड्या, मालाच्या गाड्या सगळ्या एकाच रस्त्याने सिटीत घुसणार. लंडनमध्ये ट्रॅफिक जॅम मोटारीच्या आधीपासून आहे, हे मला या निमित्ताने कळलं.

पिअर्सन यांचं वेगळेपण इथे दिसतं. बाकीच्यांना प्रश्न दिसत होता तो रस्त्यावरच्या गर्दीचा. त्यांना दिसला घरांचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मजूर कोंदट खोलीत राहतो तो हौसेने नव्हे, तर त्याच्या पायांना मर्यादा आहे म्हणून. त्याला स्वस्त आणि जलद गाडी द्या, तो आपोआप पाच-सहा मैल लांब, मोकळ्या हवेत, छोट्या बागेच्या घरात राहायला जाईल. गाडीचं भाडं मात्र असं हवं, की घरभाडं आणि गाडीभाडं मिळून त्याला शहरातल्या खोलीपेक्षा महाग पडता कामा नये.

१८४५ साली त्यांनी एक पत्रक काढलं आणि फ्लीटच्या खोऱ्यातून फॅरिंग्डनपर्यंत भुयारी रेल्वे सुचवली. ती वाफेच्या इंजिनावर नव्हे, दाबलेल्या हवेच्या जोरावर धावणार होती! लोकांनी यथेच्छ टिंगल केली. त्या वेळी जगात कुठेच भुयारी रेल्वे नव्हती आणि माणूस जमिनीखाली जायचा तो मेल्यावर, अशीच समजूत. पुढे पिअर्सन यांनी फॅरिंग्डनला सगळ्या रेल्वे कंपन्यांचं मिळून एक मोठं मध्यवर्ती स्टेशन बांधायची योजना मांडली. तीही बारगळली.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. आमच्या धंद्यात एखादं प्रपोजल दोनदा नाकारलं गेलं की आम्ही नवा क्लायंट शोधतो. हा माणूस तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, चांगली नोकरी, समाजात मान. गप्प बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण ते गप्प बसले नाहीत. १८५४ च्या सुमारास, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष द्यायची म्हणून त्यांनी सिटीत येणाऱ्या मुख्य वाटांवर माणसं उभी केली आणि येणारे-जाणारे मोजायला लावले. लंडनच्या रहदारीची अशी पद्धतशीर मोजणी पहिल्यांदाच होत होती. आकडे आले ते असे : रोज सुमारे २ लाख माणसं सिटीत पायी येतात आणि ४४ हजार ऑम्निबसने. म्हणजे बसमधल्या एका माणसामागे चार-पाच माणसं तंगडतोड करत येत होती. आजच्या भाषेत हा डेटा. गर्दी आहे हे सगळेच म्हणत होते, किती आहे ते यांनी दाखवलं.

त्याच वर्षी, ऑगस्ट १८५४ मध्ये, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गाला पार्लमेंटची मंजुरी मिळाली. हवेच्या दाबाची कल्पना मागे पडली होती, गाडी वाफेचीच चालणार होती. पण कायदा झाला म्हणजे काम झालं असं नसतं, हे आपल्याला काही नवीन नाही. क्रिमियाचं युद्ध सुरू होतं, पैसा बाजारातून आटला होता. दहा लाख पौंडांचा प्रकल्प, शेअर घ्यायला कुणी तयार नाही. चार वर्षं नुसती कागदावर गेली. कंपनी मोडीत काढायची भाषा सुरू झाली.

आणि पुन्हा पिअर्सन. ते कंपनीचे डायरेक्टर नव्हते की मोठे भागधारक नव्हते. रेल्वे होवो न होवो, त्यांच्या खिशात दमडीचा फरक पडणार नव्हता. तरी त्यांनी सिटीच्या कॉर्पोरेशनच्या मागे लकडा लावला, की रस्ते मोकळे होणार ते तुमचे, फायदा तुमचा, तर पैसेही तुम्हीच घाला. सार्वजनिक संस्थेने खाजगी रेल्वेत पैसे घालणं त्या काळी भलतंच होतं. अखेर कॉर्पोरेशनने २ लाख पौंडांचे शेअर घ्यायचं कबूल केलं. १८५९ साली त्यांनी लंडनच्या नागरिकांना उद्देशून आणखी एक पत्रक लिहिलं, वीस मिनिटांत वाचून होईल असं. गाडी रुळावर आली म्हणतात ती अशी.

१८६० साली काम सुरू झालं. मुख्य इंजिनिअर जॉन फाउलर. पद्धत सोपी पण धसमुसळी : रस्ता उकरायचा, खोल चर खणायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, वर कमान, आणि पुन्हा माती टाकून रस्ता करायचा. मार्ग बराचसा आजच्या मॅरिलबोन रोड आणि यूस्टन रोडच्या खालून, म्हणजे घरं कमी पाडावी लागावीत. जून १८६२ मध्ये फ्लीटचं गटार फुटलं आणि फॅरिंग्डनजवळचं काम घाण पाण्याखाली गेलं. ते उपसून पुन्हा सुरुवात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर ही नुसती आरती होईल. किंग्ज क्रॉसच्या पुढे फ्लीटच्या खोऱ्यातून जाताना मात्र घरं पाडली गेली, आणि ती अर्थातच गरिबांची. मालकांना भरपाई मिळाली. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्या भाडेकरूंना काही नाही. ते बिचारे आपलं बोचकं उचलून शेजारच्या तितक्याच गच्च गल्लीत गेले. म्हणजे ज्यांच्यासाठी पिअर्सन ही गाडी मागत होते, त्यांच्याच डोक्यावरचं छप्पर या गाडीने आधी काढून घेतलं. स्वस्त गाडी आणि बाहेरची घरं या दोन्ही गोष्टी बरोबरीने झाल्या असत्या तर हिशेब जुळला असता. झालं असं, की पाडापाडी ताबडतोब आणि स्वस्त तिकीट मागाहून. मुंबईतल्या प्रकल्पांच्या बातम्या वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल.

१४ सप्टेंबर १८६२ रोजी वाँड्सवर्थच्या राहत्या घरी जलोदराने चार्ल्स पिअर्सन वारले. वय ६८. वेस्ट नॉरवुडच्या दफनभूमीत त्यांना पुरलं.

१० जानेवारी १८६३ रोजी जगातली पहिली भुयारी रेल्वे लोकांसाठी सुरू झाली. मी दिवस मोजले. ११८. सतरा वर्षं ज्यासाठी भांडले, ते चार महिन्यांनी हुकलं. आदल्या दिवशी फॅरिंग्डनला पाहुण्यांची मेजवानी झाली, भाषणं झाली. पहिल्या दिवशी ३८ हजार लोकांनी प्रवास केला. सात स्टेशनं, साधारण ६ किलोमीटर. डब्यांत गॅसचे दिवे, भुयारात इंजिनाचा धूर, लोक खोकत उतरत होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येत होते. पहिल्या वर्षात ९५ लाख प्रवासी झाले. टिंगल करणाऱ्यांचं पुढे काय झालं ते माहीत नाही. बहुतेक तेही रांगेत असतील.

जिवंत असताना कंपनीने देऊ केलेलं बक्षीस पिअर्सन यांनी नाकारलं होतं. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीला वर्षाला २५० पौंड द्यायचं कंपनीने ठरवलं. आणि मे १८६४ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर दीड-पावणेदोन वर्षांनी, पहाटे मजुरांसाठी खास गाड्या सुरू झाल्या, जाऊन-येऊन तीन पेनी. मला विचाराल तर पिअर्सन यांची रेल्वे खरी सुरू झाली ती १८६३ ला नव्हे, त्या दिवशी. कारण त्यांना भुयाराचं कौतुक नव्हतंच. भुयार हा नुसता मार्ग. त्यांना हवं होतं ते स्वस्त तिकीट आणि त्या तिकिटाच्या दुसऱ्या टोकाचं घर. १८८३ साली तर कायद्यानेच रेल्वे कंपन्यांना मजुरांच्या स्वस्त गाड्या सोडायला भाग पाडलं.

हीच मेट्रोपॉलिटन रेल्वे वाढत वाढत १८८० साली हॅरोला पोहोचली. पुढे १९१५ पासून कंपनीने या सगळ्या पट्ट्याची मेट्रोलँड म्हणून जाहिरात केली : छोटं घर, मागे बाग, जवळ स्टेशन. वेंब्ली, हॅरो, पिनर. मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जण आज तिथेच राहतात. पिअर्सन यांनी हे घर मजुराला द्यायचं ठरवलं होतं, मिळालं ते बरंचसं कारकून-मास्तरांना, आणि आता स्टेशनजवळच्या घराची किंमत ऐकली तर सॉफ्टवेअरवालाही घाबरतो. तेवढं त्यांचं काम अजून बाकी आहे म्हणायचं.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते तोपर्यंत परत डोंबिवलीला गेले होते. ते ऐकून घेत होते, मध्येच त्यांनी आठवण करून दिली ती नाना शंकरशेट यांची. खरंच की! पिअर्सन यांचं पहिलं पत्रक १८४५ चं. त्याच वर्षी मुंबईत नाना आणि जमशेटजी जीजीभाई यांनी इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन केली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, लंडनच्या भुयारी गाडीच्या जवळजवळ दहा वर्षं आधी. नाना १८६५ साली गेले. त्यांनी निदान गाडी पाहिली.

मग बाबा स्वतःबद्दल बोलले, जे ते सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, की माझी नोकरी फोर्टात, पगार बेताचा. फोर्टात सोड, दादरलाही खोली परवडली नसती. डोंबिवलीला दोन खोल्यांचा ब्लॉक घेता आला, कारण रेल्वेचा तिमाही पास परवडत होता. त्या पासातून जे वाचलं त्यातून तुझी इंजिनिअरिंगची फी भरली. इतकं बोलून त्यांनी नेहमीसारखा फोन आईकडे दिला.

मी बराच वेळ तसाच बसून होतो. मी इतके दिवस पिअर्सन यांचं चरित्र कुणा लांबच्या इंग्रजाचं म्हणून वाचत होतो. लोंबकळत केलेला प्रवास, बारा डब्यांतली घुसमट हे सगळं खरं, आणि रुळांवर जीव गेलेल्या माणसांची मोजदाद केली तर मान खाली जाते. पण दूरचं घर आणि परवडणारा पास, हा हिशेब मांडणारा एक माणूस होऊन गेला, आणि त्याच हिशेबावर आमचं घर उभं राहिलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो, तिसरी मार्गिका, आरेपासून थेट कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. त्यातल्या मुंबई सेंट्रलच्या स्टेशनाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आहे. बाबा मुद्दाम जाऊन बसून आले. ए.सी. छान, स्वच्छता छान, असा रिपोर्ट आला. पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, की पहाटे कामाला जाणाऱ्या बाईला हे तिकीट रोज परवडेल का? पिअर्सन असते तर त्यांनीही बहुधा हेच विचारलं असतं.

लंडनच्या नकाशावर पिअर्सन नावाचं स्टेशन नाही. पण फॅरिंग्डनला उतरलात तर एक गंमत बघा. आजचं स्टेशन मूळ जागेपासून जरा सरकलेलं, १८६५ सालचं आहे. तिथे जुनी मेट्रोपॉलिटन आहे, ल्यूटन आणि गॅटविककडे जाणारी थेम्सलिंक आहे, आणि मे २०२२ पासून हीथ्रोला नेणारी एलिझाबेथ लाइनसुद्धा. सगळ्या दिशांच्या गाड्या फॅरिंग्डनला एकत्र आणायची त्यांची जी योजना बासनात गेली होती, ती पावणेदोनशे वर्षांनी का होईना, बऱ्याच अंशी खरी झाली. आई-बाबांना परत सोडायला आम्ही बॅगा घेऊन फॅरिंग्डनवरूनच हीथ्रोला गेलो. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी ते आले की प्लॅटफॉर्मवर दोन मिनिटं थांबून हे सगळं त्यांना दाखवणार आहे.

तुम्हा सर्वांना आणि तुमच्या घरच्यांना ही दिवाळी सुखाची जावो. फराळाला या, स्टेशनपासून चालत सात मिनिटं!